गावाला न नेलेली गोळी

आई,

तू मला एकदा फार रागावली होतीस. पोटात दुखतंय का, असं तू विचारलंस आणि मी "असंच, जरा" म्हणाले. कसब्यातल्या शाळेत दिवसभर विज्ञान शिकवून, दोन बस बदलून तू घरी आली होतीस. पर्स अजून खांद्यालाच होती. "असंच म्हणजे काय? कुठे दुखतं, कधी दुखतं, काय केलं की वाढतं, नीट सांग. तू नीट सांगितलं नाहीस तर डॉक्टरसुद्धा अंदाजानेच औषध देणार." तेव्हापासून मी सगळं नीट सांगते. पोटापाण्याचंही तेच झालं. नऱ्ह्याच्या बाजूला एका टेस्टिंग लॅबमध्ये मी गाड्यांचे सुटे भाग हलवून बघते. भाग एका टेबलावर घट्ट बसवायचा, टेबल थरथरवायचं, आणि भाग कुठे, कधी, किती हलवल्यावर तडकला ते लिहून द्यायचं. आज स्वतःबद्दल तसंच लिहिणार आहे, आणि नंतर तुझ्याबद्दल जे कळलंय तेही. मला नीट सांगायची सवय लावलीस तूच, आणि स्वतःचं मात्र आयुष्यभर "पाणी बाधलं" एवढंच सांगितलंस.

मी काही वर्षांपासून नैराश्यावरची गोळी घेते. पप्पा होते तोवर त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते गेल्यावर धायरीच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते, त्यामुळे लपवायला कुणी उरलंही नाही, तरी मी ती पाकिटं कपाटात कपड्यांखाली ठेवत आले. गेल्या हिवाळ्यात ती गोळी काम करेनाशी झाली. सकाळी उठून दात घासणं हेसुद्धा एखाद्या परक्या माणसाकडून करवून घ्यावं लागतंय असं व्हायला लागलं. डॉक्टर बाईंनी गोळी बदलायचं ठरवलं. जुनी हळूहळू कमी करत आणायची, त्याच वेळी नवी हळूहळू वाढवत न्यायची. त्यांनी मोठ्या अक्षरात सगळं लिहून दिलं होतं. मी ते वाचलं आणि मला ते ढिसाळ वाटलं. जुना सेन्सर काढायचा, नवा बसवायचा, दोन्ही एकाच वेळी कशाला चालू ठेवायचे? मी ग्राफवर एक सरळ रेघ मारली, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यात शून्यावर येणारी, आणि त्या रेघेप्रमाणे गोळी कमी करत गेले.

आता कुठे, कधी, काय केल्यावर. नजर एका बाजूला वळवली की डोक्यात झटका बसतो. दुखत नाही. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर लागता लागता राहतो तसं काहीतरी चट्‌कन होतं, कानात नाही, दोन्ही कानांच्या मधे कुठेतरी. आणि त्या क्षणापुरतं जग मागे राहतं. डोळे पुढे गेलेले असतात, दिसणं नंतर येतं. जिना उतरताना, मान न हलवता नुसते डोळे फिरवले तर, भांडी घासताना नळाकडून खिडकीकडे बघितलं तर. याशिवाय मळमळ. तळहातांना घाम. झोपेत इतकी स्पष्ट स्वप्नं, की सकाळी कोणत्या गोष्टी घडल्या आणि कोणत्या नाही याची छाननी करावी लागते. शिवाय रडू. दुधाची पिशवी कापताना वाकडी कापली गेली म्हणून मी ओट्याला टेकून रडले, आणि रडताना मला पूर्ण ठाऊक होतं की दुधाचा याच्याशी काही संबंध नाही. जुन्या गोळीने शरीराला एक सवय लावली होती, ती मी हिसकावून घेतली होती, आणि शरीर त्याचा निषेध करत होतं. हे कळूनही फरक पडत नव्हता. लॅबमध्ये मी टेबलाची कड धरून उभी राहायचे. आमचा टेक्निशियन एकदा म्हणाला, "मॅडम, आज पार्टपेक्षा तुम्हीच जास्त हलताय. तुमचीच टेस्ट लावू का?" सगळे हसले. मीही हसले, डोळे समोरच्या भिंतीवर ठेवून.

त्याच आठवड्यात धायरी फाट्यावर रस्ता ओलांडत होते. उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, पाऊल टाकलं, आणि झटका बसला. एकामागून एक, मालगाडीचे डबे जोडताना बसतात तसे. मी थांबले. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि हात आपोआप कपाळावर गेला. एक स्कूटर माझ्या ओढणीला घासून थांबली. चालवणारा मध्यमवयीन, डब्याची पिशवी पुढे लटकवलेला. "अहो ताई," तो म्हणाला, "मरायचंच असेल तर दुसऱ्या कुणाची गाडी बघा ना. आमची नवी आहे." मी त्याला सॉरी म्हणाले असेन. मला आठवत नाही. कारण मी त्या वेळी फाट्यावर नव्हते. मी स्वारगेटला होते, सहावीची परीक्षा दिलेली, दोन बॅगांपाशी उभी, आणि तू रस्त्याच्या मधोमध थांबली होतीस.

ते तुला परत सांगायला हवं का? तू तिथेच होतीस, पण तू स्वतःला बाहेरून बघितलेलं नाहीस. आपण फलटणहून एसटीने परत आलो होतो. आजीकडची मे महिन्याची सुट्टी संपली होती. समोरच्या बाजूला रिक्षा उभ्या होत्या. "बॅगा सोडून हलू नकोस, मी रिक्षा घेऊन येते," असं म्हणून तू निघालीस. उजवीकडे बघितलंस. डावीकडे बघितलंस. अर्धा रस्ता ओलांडलास आणि थांबलीस. हात कपाळावर. मागून कुणी हाक मारावी तशी. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला होता, तो आवाज मला अजून आठवतो. तू गेलीस, आणि नंतर पंधरा दिवस घरी येणारे लोक एकमेकांना सांगत होते, की तुला काहीतरी आठवलं असणार, बसमध्ये काहीतरी राहिलं असणार, म्हणून तू मधेच थांबलीस. बौद्धाचार्य आले, वंदना झाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, "छत्री राहिली असेल हो बसमध्ये." मी इतकी वर्षं त्या छत्रीवर विश्वास ठेवला. तुझी छत्री घरीच होती, दाराच्या मागे, हे मला रोज दिसत होतं तरीही.

फाट्यावरून मी घरी आले आणि बसून विचार केला, तू शिकवलंस तसा, एकेक गोष्ट सुटी करून. दर मे महिन्यात आपण गावी जायचो. पोहोचल्यावर पहिले काही दिवस तू चांगली असायचीस, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीस. मग तुला चक्कर यायची, मळमळायचं, आतल्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहायचीस. कप फुटला म्हणून रडायचीस. आजी म्हणायची, पाणी बाधलं. मावशी तुझ्यासाठी वेगळं पाणी उकळायची. पुण्याला परत आलो की काही दिवसांत तू बरी व्हायचीस आणि शाळेत जायला लागायचीस. मग सगळे म्हणायचे, बघा, पाणीच होतं. पण बदलायच्या त्या दोन गोष्टी. एक पाणी. दुसरी ती पांढरी गोळी, चहापत्तीच्या डब्यामागे ठेवलेली, जी तू जेवण झाल्यावर ओट्याशी उभी राहून घ्यायचीस. एकदा गावाला जायची बॅग भरताना मी ते पाकीट आणून तुझ्या हातात दिलं होतं. तू ते परत डब्यामागे ठेवलंस. "ही पुण्यातली गोळी आहे. गावाला लागत नाही." मला ते पटलं. पुण्यात रेनकोट लागतो, गावाला लागत नाही, तसं. आणि स्टँडवर पप्पा दरवर्षी विचारायचे, "सगळं घेतलंस ना?" तू म्हणायचीस, "हो, सगळं."

हे सिद्ध करता येणार नाही, हे मला माहीत आहे. एक माणूस, एक रस्ता, काही उन्हाळे. लॅबमध्ये एवढ्यावर मी रिपोर्टवर सही करणार नाही. पण त्या थांबण्याचा आकार मी माझ्या अंगात ओळखला आहे. तुला काही आठवलं नव्हतं. तुझे डोळे पुढे गेले होते आणि दिसणं मागे राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर बाईंकडे गेले आणि माझी सरळ रेघ त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला. "हे कुणी सांगितलं होतं करायला?" मी म्हटलं, मीच. "अच्छा. मग बाहेरची पाटी बदलून घेऊ, तुमचं नाव लावू." मग त्यांनी माझ्याच कागदावर एक वाकडी रेघ काढली, सुरुवातीला जवळजवळ आडवी, शेवटी कड्यासारखी कोसळणारी. पहिली निम्मी गोळी काढली तर शरीराला फारसं कळत नाही, म्हणाल्या, शेवटचा तुकडा काढताना सगळं कळतं. म्हणून शेवटी सगळ्यात सावकाश उतरायचं. मी रोज असल्याच रेघांवर काम करते. स्वतःच्या डोक्यासाठी मात्र मला फूटपट्टी पुरेशी वाटली. त्यांनी मला जुन्या गोळीवर थोडं मागे नेलं, आणि यापुढे न विचारता काहीही करणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं. निघताना विचारलं, "घरात कुणाला माहीत आहे?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "एका माणसाला तरी सांगा. या दिवसांत रस्त्यावर, गॅसपाशी कुणीतरी लक्ष ठेवणारं लागतं." मी म्हटलं, बघते. "बघू नका, सांगा. बघितलं की तुम्हाला झटके येतात."

सांगायला माणूस घरातच आला होता. मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली होती आणि माझ्याकडेच राहत होती. गावातली पिठाची गिरणी तिने सुनेवर सोडली होती, आणि गिरणीत आठवड्याभरात जितकं बोलते तितकं ती इथे एका दिवसात बोलत होती. काळा चष्मा लावून खाली बाकावर बसायची आणि वॉचमनला, दूधवाल्याला, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईला डोळ्याचं साद्यंत वर्णन सांगायची. भिंग कोणतं बसवलं, पडदा कसा आहे, थेंब कोणते, कोणत्या रंगाच्या झाकणाचे. मला त्याचा राग यायचा, आणि राग कशाचा आहे तेही कळायचं. तिचे थेंब टीपॉयवर होते, सगळ्यांसमोर. माझं पाकीट कपड्यांखाली होतं.

तिनेच सुरुवात केली. मी तिच्यासाठी भाकरी थापत होते, तव्याकडून परातीकडे वळले, आणि ती खुर्चीतून म्हणाली, "काय झालंय गं तुला?"

"कुठे काय."

"वळायचं झालं की अख्खी वळतीस, शेळीवानी. नुसतं डोळं फिरवत न्हाईस."

"मान अवघडलीय."

"मान अवघडली तर हात मानंवर जातो. तुझा कपाळावर जातोय." मग म्हणाली, "माझ्या एका डोळ्याचं आपरेशन झालंय. दुसऱ्यानं दिसतंय मला. तुझ्या आईचाबी असाच जायचा."

मी गॅस बंद केला. आणि सांगितलं. गोळी घेते, मनाची, काही वर्षं झाली, आता बदलतेय म्हणून हे होतंय, उतरेल. डॉक्टरांना सांगते तसंच सांगितलं, कुठे, कधी, काय केल्यावर. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बरं. माझी थेंबाची येळ झाली. आदी थेंब घाल." ती सोफ्यावर मान मागे टाकून पडली, मी थेंब घातले. थेंब घातल्यावर डोळे मिटून राहायचं असतं. ती मिटल्या डोळ्यांनीच बोलली.

"तुझी आईबी घ्यायची."

"तुला कसं माहीत?"

"तुझ्या पप्पानं सांगितलं. तू झालीस त्याच्यानंतर ती लई खचली हुती. पयल्या उन्हाळ्यात तुला घिऊन येनार, त्याच्या आदी त्यो एकटाच यिऊन गेला. आमच्या आईला म्हनला, हिला गोळी चालू हाय, तुमच्यासमोर तिला वशाळल्यागत हुईल, तवा तुमी काय विचारू नका."

"आणि तुम्ही विचारलं नाही."

"कसं विचारायचं? माहेरला आलेली लेक ती. तिला वाटायचं, गोळी दिसली की आमी तुझ्या पप्पाला धरणार, आमच्या पोरीला काय छळलंस म्हनून. तवा तसंच हुतं गं. बाईला मनाची गोळी लागती म्हंजी नवऱ्याचा जाच, दुसरं काय न्हाई. म्हनून ती लपवायची. अन् तिला लपवता यावं म्हनून आमी जेवलो की समदी उठून अंगनात जायचो. सैपाकघर तिला एकटीला सोडायचो. आई पोरांनाबी बाहेर हाकलायची. अन् आमाला हळूच म्हनायची, चला, माझ्या लेकीला निवांत गोळी घिऊ द्या."

मला ते अंगण आठवलं. बाजा, मामाचा ट्रान्झिस्टर, आम्ही सगळी पोरं बाहेर, आणि आत पिवळ्या बल्बखाली तू एकटी. तू तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत असायचीस. एकदा मी पाणी प्यायला आत आले तेव्हा तू म्हणाली होतीस, "हल्ली मी आले की सगळे उठून जातात." मी तांब्या तोंडाला लावला. तू गोळीशिवाय त्या खोलीत उभी होतीस. बाहेर तुझी आई, तुझी बहीण, तुझा भाऊ आवाज न करता बसले होते, तू गोळी घ्यावीस म्हणून. कुणी कुणाचं वाईट केलं नाही. पप्पांनी आधी जाऊन सांगितलं, आजीने ऐकलं, सगळ्यांनी तुझा मान राखला. तू पप्पांचं नाव राखलंस. माझ्या कामात याबद्दल एक साधी गोष्ट सांगतात: जिथे बिघाड होतो तिथे कुणी सेन्सर लावलेलाच नसतो.

मावशीने डोळा उघडला. "तरीबी ती आजारी पडायचीच. गोळी तर घेतीया म्हनल्यावर मग पाणीच आसंल न्हवं?" माझ्याकडे बघून म्हणाली, "घ्यायची न्हवं गं ती? तू असायचीस तिच्यासंगं."

मी थेंबांची बाटली टीपॉयवर ठेवली आणि हात धुवायला उठले. परत आले तोवर तिने टीव्ही लावला होता.

त्यानंतर बरेच दिवस गेले आहेत. मी त्या वाकड्या रेघेवरून सावकाश उतरतेय. झटके आहेत, पण सुटे सुटे येतात. नवी गोळी काम करेल की नाही ते अजून कळायचं आहे. सकाळी दात मीच घासतेय, एवढं म्हणता येईल. रस्ता ओलांडताना मावशी माझं कोपर धरते आणि फाट्यावरच्या सगळ्या गाड्यांना हात दाखवून थांबवते. "दिसत न्हाई व्हय रं, डोळ्याचं आपरेशन झालंय," असं ओरडते, आणि कुणाच्या डोळ्याचं ते सांगत नाही. पाकीट आता टीपॉयवर असतं, तिच्या थेंबांशेजारी. जेवण झालं की ती तांब्या पुढे करते आणि मी गोळी गिळेपर्यंत समोर बसून राहते. उठून जात नाही. पहिल्या दिवशी मला ते सहन होईना. आता होतं.

उद्या तिला गावी सोडायला जातेय आणि काही दिवस तिच्याकडे राहणार आहे. स्वारगेटहूनच जावं लागेल. बॅग भरून झाली. गोळ्या सगळ्यात वर ठेवल्या आहेत, चेन उघडली की दिसतील अशा. मावशीने दारातून विचारलं, "समदं घेतलंस का?" मी म्हटलं, हो, सगळं. आणि हे बोलताना स्वतःचा आवाज ऐकून मी बॅग पुन्हा उघडून बघितली.

आज दुपारी, थेंबांच्या वेळी, तिने तो प्रश्न पुन्हा विचारला. डोळे मिटलेले होते. "खरं सांग. तिथं असताना घ्यायची न्हवं ती गोळी?" ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लागता कामा नये, रडणं तर नाहीच, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. माझं कारण मी हेच ठरवलं आहे. मी म्हटलं, "हो मावशी. घ्यायची. मी बघायचे ना." ती म्हणाली, "तेच म्हनलं." तिने इतका मोठा श्वास सोडला, की तो तिने किती वर्षं धरून ठेवला होता ते मला मोजावंसं वाटलं नाही.

नीट सांगायचं तू शिकवलंस, आणि मी तिला नीट सांगितलं नाही. तुला सांगितलं. म्हणून हे कागद गावाला येणार नाहीत. चहापत्तीच्या डब्यामागे ठेवून जाणार आहे. ऑपरेशन झाल्यापासून मावशीला वाचता येतं.